सातवीतल्या मुलीचं कोण ऐकतं?

लहानपणी मुलगा आणि मुलगी यांच्या उदासीत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो पुढे, आणि तो साधारण कधी पडतो हे आता बऱ्यापैकी ठाऊक झालं आहे. नव्वदहून अधिक देशांतली माहिती एकत्र करून २०१७ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. मुलींमधलं नैराश्याचं प्रमाण बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलग्यांपेक्षा वाढलेलं दिसू लागतं आणि तेरा ते पंधरा या वयात ही तफावत सर्वांत मोठी असते, असं त्यात आढळलं. आपल्या शाळेच्या हिशोबाने सहावी-सातवीत सुरुवात आणि आठवी-नववीत कळस.

ही वर्षं आपल्या गावांत कशी जातात ते डोळ्यांसमोर आणावं. पाळी सुरू होते. गावातली शाळा संपते आणि पुढची शाळा दुसऱ्या गावात असते. अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास हातात असतो, पण थांब्यावर कोण उभं असेल याची धास्ती त्या पासाने जात नाही. काल-परवापर्यंत अंगणात लगोरी खेळणाऱ्या मुलीला कुणीतरी एके दिवशी ‘आता पुरे’ म्हणतं आणि त्यावर घरात कुणी काही बोलत नाही. धुणं, पाणी, धाकटं भावंड तिच्या वाट्याला येतं. ऊसतोडीच्या पट्ट्यात तर दिवाळीच्या आगेमागे आई-वडील कोयते बांधून कारखान्याच्या वाटेला लागतात. मुलगी आजीजवळ मागे राहते, नाहीतर फडावरच्या कोपीत जाऊन चूल सांभाळते. वयात आलेल्या मुलीला सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवायचं, या प्रश्नाचं उत्तर पुष्कळ घरांत लग्न हेच निघतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा पुरी होण्याआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं. बीडमध्ये ते ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के. बिहार राज्याची सरासरी होती ४०.८.

शेवटचा आकडा मुद्दाम दिला आहे. या लेखात बिहारविषयी बरंच येणार आहे, आणि मराठवाड्यातल्या वाचकाला ते परक्या मुलखातलं वाटायचं कारण नाही.

शाळेने मुलांना गणित-भाषेबरोबर स्वतःच्या भावना ओळखायला, आवरायला, दुसऱ्याचं मन जाणायला, भांडण मिटवायला आणि विचार करून निर्णय घ्यायला शिकवावं, या कल्पनेला आज ‘सोशल-इमोशनल लर्निंग’, म्हणजे सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात. तिचा उगम पुष्कळजण १९६८ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात शोधतात. येल विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी तिथल्या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्तीतल्या दोन शाळा हाती घेतल्या होत्या. १९९४ मध्ये या कामासाठी ‘कॅसल’ ही संस्था उभी राहिली, पुढच्याच वर्षी डॅनिएल गोलमन यांचं भावनिक बुद्धिमत्तेवरचं पुस्तक आलं आणि विषय घराघरांत पोचला. २०११ मध्ये २१३ कार्यक्रम आणि २ लाख ७० हजार विद्यार्थी यांचा एकत्रित अभ्यास झाला. वागणूक तर सुधारलीच, शिवाय अभ्यासातली गुणवत्ताही सरासरी ११ शततमकांनी वर गेली. तेव्हापासून जगभरच्या शिक्षण खात्यांना हा तास वेळापत्रकात हवा आहे. आपल्याकडे २०१८ च्या जुलैत दिल्ली सरकारने आठवीपर्यंत ‘हॅपिनेस’चा रोजचा तास सुरू केला, आणि २०२० पासून केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमातही भावनिक स्वास्थ्य हा एक विषय आहे.

कोमर यांच्याबद्दलची एक गोष्ट मात्र या धावपळीत मागे पडली. त्यांनी मुलांना भावनांचे धडे देण्यापासून सुरुवात केलेली नव्हती. पालक, शिक्षक आणि शाळेतला इतर नोकरवर्ग यांना एका टेबलाभोवती बसवून शाळा कशी चालावी हे ठरवायला लावलं, आणि मुलांशी बोलण्याची मोठ्यांची रीत आधी बदलली. धडा कोणता, यापेक्षा मुलीसमोर बसलेलं माणूस कोण आहे आणि तिने सांगितल्यावर पुढे काही हलतं का, यावर सगळं अवलंबून असतं असं माझं मत झालं आहे. ते होण्याची कारणं बिहारात आहेत.

पहिला प्रयोग ‘गर्ल्स फर्स्ट’ नावाचा. अमेरिकेतल्या ‘कॉरस्टोन’ या संस्थेने तो ग्रामीण बिहारमधल्या सरकारी शाळांत केला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ५७ शाळा, २,३०८ मुली, पाच महिन्यांचा अभ्यासक्रम. तास घेणाऱ्या बाया त्याच भागातल्या, शिक्षण किमान दहावी. मुली गोलात बसायच्या. स्वतःतले गुण ओळखणं, दुसऱ्याचं मधे न बोलता ऐकणं, राग आणि भीती यांचं काय करायचं, ध्येय ठरवून त्याची पायरी पायरी मांडणं, भांडणानंतर पुन्हा जुळवणं असा तो क्रम होता. शाळांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक केली होती, म्हणून निकालावर भरवसा ठेवता येतो. तास झालेल्या मुलींत खंबीरपणा वाढला, आपल्याला जमेल हा विश्वास वाढला, मैत्रिणी-शाळा-घर यांच्याशी असलेलं नातं आणि एकूण समाधान वाढलं. आणखी एका तुलनेत असंही दिसलं की, आरोग्याचे धडे नुसते देण्यापेक्षा या तासांच्या जोडीने दिले तर आरोग्याच्या सवयींतही जास्त फरक पडतो. हात धुण्याबद्दल सांगणाऱ्या बाईंवर मुलीचा विश्वास असेल तर ती हात धुते, इतकं ते साधं आहे.

पण त्याच अभ्यासात दोन गोष्टी अशा होत्या की ज्यांच्यावरून घाईने पुढे जाऊ नये. नैराश्यावर काही परिणाम दिसला नाही. आणि चिंतेचं प्रमाण तास झालेल्या मुलींत किंचित जास्त निघालं. वैद्यकीयदृष्ट्या ती वाढ महत्त्वाची नसावी, असं संशोधकांनी म्हटलं आहे. तरी मी त्या ओळीपाशी थांबले. तेरा वर्षांच्या मुलीला आपण सांगतो की तुझ्यात हे हे गुण आहेत, तुझं ध्येय ठरव, पायऱ्या मांड. ती मांडते. आणि दुसऱ्या पायरीवर तिला दिसतं की मामा पुढच्या महिन्यात स्थळ घेऊन येणार आहे. तिची काळजी वाढली तर तो तिच्या मनाचा दोष कसा म्हणायचा? तिला आता आपली परिस्थिती नीट दिसते आहे. हा अर्थ मी लावलेला आहे, अभ्यासाने तो लावलेला नाही. पण मुलींना खंबीर करण्याच्या प्रत्येक कार्यक्रमाने स्वतःला विचारावा असा प्रश्न त्यात आहे. आपण तिला बळ देतो आहोत ते कशासाठी? सोसण्यासाठी की बदलण्यासाठी? आपल्या समाजात मुलींना सोसायला शिकवणारे पुष्कळ आहेत. त्यांत शाळेची भर नको.

दुसरा प्रयोग नालंदा जिल्ह्यातला, आणि त्याचं गोव्याशी थेट नातं आहे. १९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात ‘संगथ’ ही संस्था सुरू केली. मानसोपचारतज्ज्ञ मोजके असलेल्या देशात साध्या माणसांना शिकवून मनाच्या आजारांवरची मदत गावोगाव नेता येते, हे या संस्थेने वर्षानुवर्षं दाखवून दिलं. तिच्याच ‘सेहर’ प्रयोगाचा अहवाल सचिन शिंदे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थी नववीचे, मुलगे आणि मुली दोन्ही. ७४ सरकारी माध्यमिक शाळांचे तीन गट केले. सगळ्या शाळांत राज्य सरकारचा ‘तरंग’ हा जीवनकौशल्यांचा कार्यक्रम होताच. एका गटात तेवढाच राहिला. दुसऱ्या गटात शाळेतल्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन ‘सेहर मित्र’ केलं. तिसऱ्यात बाहेरून एक माणूस नेमलं. मानसोपचाराचं कुठलंही औपचारिक शिक्षण नसलेलं, पण प्रशिक्षण घेतलेलं आणि फक्त याच कामासाठी शाळेत असलेलं.

काम दोन्हीकडे एकच होतं. महिन्याला एक विषय, प्रार्थनेच्या वेळी त्यावर काही बोलणं किंवा नाटुकली, विद्यार्थ्यांनी काढलेलं भित्तिपत्रक, विद्यार्थ्यांचे गट, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्याने बसून बोलणं. भिंतीवर एक पत्रपेटी. नाव घालून किंवा न घालता काहीही लिहून टाकावं. संडासाला कडी नाही, अमका मारतो, गणिताचे सर शिव्या देतात, घरी लग्नाचं चाललंय. पेटी उघडायची, आणि जे निघेल त्यावर शाळेत चर्चा करून काहीतरी करायचं.

आठ महिन्यांनी चौदा हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी झाली. बाहेरून माणूस नेमलेल्या शाळांत वातावरण सुधारलेलं होतं. उदासी कमी, दादागिरी कमी, मारहाण सोसणं कमी, मारहाण करणंही कमी, आणि स्त्री-पुरुष समानतेबद्दलची मतं अधिक मोकळी. शिक्षकाने तेच सगळं केलं त्या शाळांत यातलं काहीही नव्हतं. नुसता ‘तरंग’ असलेल्या शाळांत आणि त्यांच्यात फरक सापडला नाही. २०२० मध्ये सतरा महिन्यांनंतरचे निकाल आले तेव्हा बाहेरून माणूस नेमलेल्या शाळांतला फायदा टिकून होता, उलट वाढला होता.

हा निकाल वाचून शिक्षकांना बोल लावणं सोपं आहे, आणि चूक आहे. आपल्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंचा दिवस बघावा. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, शिष्यवृत्तीचे जादा तास, मतदार याद्या, आणि मोबाइलवर केंद्रप्रमुखांचा ‘तातडीने भरावे’ असा निरोप. त्यात ‘भावनिक स्वास्थ्य’ हा आणखी एक रकाना झाला की तो भरला जाणार, एवढंच. पण वेळ हा अर्धाच भाग आहे. ज्या माणसाच्या हातात गुण आहेत, छडी आहे, वडिलांना निरोप धाडण्याचा अधिकार आहे, त्याच्यापुढे मुलगी मन कसं उघडेल? बाई कितीही प्रेमळ असोत. गावातच सासर असलेल्या बाई मुलीच्या चुलतीला ओळखतात, ही एवढी गोष्टही तिच्या तोंडाला कुलूप लावायला पुरते.

ब्रिटनमध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू समोर आली. अकरा ते चौदा वर्षांच्या आठ हजारांवर मुलांवर, ८४ शाळांत, सजगतेच्या म्हणजे ‘माइंडफुलनेस’च्या तासांचा प्रयोग झाला. शिक्षकांना चांगलं प्रशिक्षण दिलं होतं, खर्चही सढळ हाताने केला होता. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. वर्षभराने पाहिलं तर नेहमीच्या तासांपेक्षा या तासांचा मुलांच्या मानसिक आरोग्याला अधिक लाभ झालेला नव्हता, आणि बहुतेक मुलांनी घरी तो सराव केलेलाच नव्हता. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देणं वाईट नाही. पण वर्गातल्या सगळ्यांना सरसकट एकच आतल्या दिशेचा सराव दिला, आणि बाहेरचं कुणीच काही हलवलं नाही, तर त्या वयाच्या मुलांना तो आपला वाटत नाही.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या मुलींचा असा तास मी बसून पाहिला. शाळेचं आणि संस्थेचं नाव देत नाही, कारण मुली ओळखू येतील. तास घेणारी ताई शेजारच्या तालुक्यातली, तिशीतली, स्वतःचं लग्न सोळाव्या वर्षी झालेली, नंतर बाहेरून बारावी केलेली. वर्गात सतरंजी अंथरली होती. मुलींनी एकीला वर्तमानपत्राच्या जोडलेल्या कागदांवर आडवं झोपवून तिच्या भोवती स्केचपेनने रेघ ओढली. मग ती उठली आणि कागदावर बाईमाणसाचा आकार राहिला. ताई म्हणाली, “राग आला की कुठं कळतं? तिथं लाल टिकली लावा.” पहिल्यांदा नुसतं खिदळणं. मग कुणी डोक्यावर लावली, दोघी-तिघींनी गळ्यापाशी, एकीने हातांच्या पंजांवर.

“हाताला का गं?”

“मला राग आला की मी भांडी लई जोरात घासते.”

सगळ्या हसल्या. तीही हसली. ताईने हसू ओसरू दिलं आणि विचारलं, “कुणाचा येतो?”

“दादाचा. जेवला की ताट तिथंच ठेवून उठतो. आईला सांगितलं तर आई म्हणती तुझे हात काय झिजतेत का.”

इथे एखाद्या पुस्तकी कार्यक्रमात दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं असतं. ताईने फळ्यावर दोन रकाने पाडले आणि सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत घरातली कामं कोण करतं ते मुलींकडून भरून घेतलं. दहा मिनिटांत एक रकाना भरून खालपर्यंत आला आणि दुसऱ्यात ‘दूध डेअरीला घालणं’ आणि ‘मोटार चालू करणं’ एवढंच राहिलं. मुली गप्प होऊन फळ्याकडे बघत होत्या. मग भांडीवालीच म्हणाली, “म्हणजे राग बरोबरच येतो की मला.”

त्यानंतरची चर्चा आईशी कसं बोलायचं याची होती. भांडून नाही, रडून नाही, आणि दादासमोर तर मुळीच नाही. दोघी मैत्रिणींनी आई आणि मुलगी होऊन संवाद करून पाहिला. आई झालेल्या मुलीने आईचं बोलणं इतकं हुबेहूब काढलं की सगळ्यांना आईचंही पटायला लागलं. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेल्या बाईला मुलाशी भांडायची ताकद कुठून येणार, हे एका बारा वर्षांच्या मुलीने दुसरीला समजावून सांगितलं. सहानुभूती हा शब्द त्या तासात कुणी उच्चारला नाही.

याच गटाने आधीच्या वर्षी बसच्या थांब्यावरच्या पोरांबद्दल सांगितलं होतं. ताईने मुख्याध्यापकांशी बोलून आगारप्रमुखांना अर्ज दिला, अर्जाचा मजकूर मुलींनी लिहिला, आणि बस शाळेच्या फाटकापाशी थांबू लागली. मुलींना ताईचा विश्वास का वाटतो, हे मला त्या अर्जावरून कळलं. सांगितलं की काहीतरी होतं, हा अनुभव त्यांच्या गाठीला आहे.

विश्वासाबरोबर जोखीमही येते, आणि ती लपवून चालणार नाही. अशा गोलात आज ना उद्या एखादी मुलगी अशी गोष्ट सांगते की जी ऐकून ताईच्या पायाखालची जमीन सरकते. काका, शेजारी, क्लासचे सर. पोक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या १९व्या कलमानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या कोणाही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा २१व्या कलमाखाली गुन्हा आहे. म्हणजे ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असं वचन ताईला देताच येत नाही. चांगलं प्रशिक्षण असेल तर पहिल्याच तासाला हे मुलींना सांगितलं जातं: तुमचं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुमच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुमच्या अंगाशी वाईट वागलं असेल तर मला ते पुढे न्यावं लागेल, आणि तेव्हा मी तुमच्याबरोबर येईन. काही मुली हे ऐकून थोडं कमी बोलतात. तरी ते आधी सांगणंच बरोबर. मागाहून विश्वासघात झाला असं वाटलेली मुलगी पुन्हा कुणालाच काही सांगत नाही. ताईला स्वतःलाही कुणीतरी लागतं, जिच्याशी रात्री फोनवर बोलता येईल. ‘संगथ’च्या कामात नेमलेल्या माणसांवर जाणत्यांची नियमित देखरेख असते आणि त्यांच्या अडचणी ऐकल्या जातात. आपल्याकडच्या बहुतेक योजनांत दोन दिवसांचं प्रशिक्षण, चहा-बिस्किट आणि प्रमाणपत्र झालं की ताई एकटी.

महाराष्ट्राला या बाबतीत अनुभव नाही असं मुळीच नाही. २००८ साली मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या वर्गांवर ‘जेम्स’ हा कार्यक्रम झाला. ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन’, ‘कोरो’ आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून तो आखला होता. पंधरा शाळांत वर्गातले खेळ-चर्चा आणि शाळाभर मोहीम, पंधरा शाळांत नुसती मोहीम, पंधरांत काही नाही. विषय होते घरकामाची वाटणी, वयात येताना होणारे बदल, हिंसा. जिथे मुलं-मुली बसून बोलली तिथे समानतेबद्दलची आणि मुलींच्या लग्नाच्या वयाबद्दलची मतं जास्त बदलली. हिंसेच्या बाबतीत निकाल इतका सरळ नव्हता, आणि तो तसा असणारच. मुलगे त्या गोलात होते ही मला या कार्यक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. दादाने ताट उचलायचं असेल तर ते दादालाही कुणीतरी बसवून विचारलं पाहिजे. मुलींसाठी वेगळा तास हवाच, पाळीबद्दल किंवा बसमधल्या स्पर्शाबद्दल त्या मुलग्यांसमोर बोलणार नाहीत. पण तेवढ्यावर थांबलं तर घर बदलायची सगळी जबाबदारी घरातल्या सर्वांत लहान बाईवर पडते.

आपल्या परंपरेत आणखी मागे जाता येईल. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. शाळेने तिला अक्षरं दिली आणि तिने त्या अक्षरांत दुःख मांडलं. ते मांडताना ती स्वतःच्या मनात डोकावून थांबली नाही. दुःख कुठून येतं, कोण देतं, हेही तिने विचारलं. त्या शाळेत तिचं ऐकणारं कुणीतरी असल्याशिवाय त्या वयाची मुलगी असं लिहू धजावली नसती, असं मला मनापासून वाटतं. भावनांचं शिक्षण म्हणून आज जे परदेशी अहवालांतून आपल्याकडे येतं, त्याला ही ओळख आपण द्यायला हवी.

कागदावर आज पुष्कळ काही आहे. उच्च प्राथमिक शाळांत मीना-राजू मंच आहे. २०२२ च्या मार्चमधल्या शासन निर्णयाने शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमायला सांगितल्या आणि बालविवाह रोखणं हेही त्यांच्या कामात घातलं. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये तक्रारपेटी, सीसीटीव्ही, समित्या यांबद्दल पुन्हा बजावण्यात आलं. यातली पेटी नालंदातल्या पेटीसारखीच दिसते. फरक असा की, तिथे ती उघडणं हे एका माणसाचं ठरलेलं काम होतं, आणि निघालेल्या चिठ्ठ्यांवर काय केलं हे विद्यार्थ्यांना कळत असे. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, कॅमेऱ्याखाली लावलेल्या पेटीत कोणती मुलगी चिठ्ठी टाकेल? ती मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ असावी, किल्ली मुख्याध्यापकांकडे नसावी, आणि आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी ती दोन मुलींसमोर उघडावी. याला पैसे लागत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असणं सक्तीचं केलं आहे. पेटी कधी उघडली, त्यात काय निघालं, पुढे काय केलं, हे तीन प्रश्न त्या स्त्रियांनी बैठकीत विचारून इतिवृत्तात लिहून घेतले तरी बराच फरक पडेल.

पैसे लागतात ते माणसाला. एका केंद्रातल्या शाळांसाठी एक पूर्णवेळ ताई, तिला वेळेवर मानधन, प्रवासखर्च, आणि वर कुणीतरी जाणती व्यक्ती. समुपदेशनाची पदवी नसली तरी चालेल हे बिहारने दाखवलं आहे. पण अंगणवाडीताईला किंवा आशाताईला हेही काम जोडून द्यायचं, ही आपल्याकडची नेहमीची वाट धरू नये. जोडकाम म्हणून दिलेलं ऐकणं शिक्षकांच्या हातून जसं झालं नाही, तसंच त्यांच्याही हातून होणार नाही.

आणखी एक गाठ आपल्याच रचनेत आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं मला दिसत नाही. आपल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळा सातवीला संपतात. आठवीला मुलगी दुसऱ्या गावच्या अनुदानित हायस्कुलात जाते. तिथलं व्यवस्थापन वेगळं, हजेरीपट वेगळा, मीना-राजू मंच मागे राहिलेला, आणि जिच्यापाशी ती दोन वर्षं बोलत होती ती ताईही मागेच राहिलेली. शाळा सुटण्याचा आणि लग्न ठरण्याचा धोका ज्या उन्हाळ्यात वाढतो, त्याच उन्हाळ्यात तिच्या ओळखीचं माणूस तुटतं. म्हणून ताईची नेमणूक शाळेला नको, मुलींच्या तुकडीला हवी. सहावीत तिने मुली हातात घ्याव्यात आणि त्यांच्याबरोबर हायस्कुलात जाऊन आठवी पुरी होईपर्यंत राहावं. दोन मुख्याध्यापकांची पत्रं आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही एवढी त्याची कागदपत्रं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिचं पहिलं काम ठरलेलं असावं. सातवीतून दाखला घेऊन गेलेल्या मुलींची यादी हायस्कूलच्या हजेरीशी ताडून पाहायची, आणि जिचं नाव तिथे लागलेलं नाही तिच्या घरी त्याच आठवड्यात जायचं.